नवा यूजर आला की प्रोफाइल आपोआप: जँगोतली वाट, खाचखळग्यांसकट

गावातल्या वाचनालयासाठी मी जँगोत (पायथन भाषेतलं, वेब अ‍ॅप बनवायचं साधन) एक छोटं वेब अ‍ॅप्लिकेशन लिहून दिलं होतं. सभासदानं नोंदणी केली की त्याचं खातं तयार व्हायचं आणि मागोमाग प्रोफाइल: कार्ड क्रमांक, मोबाइल, अनामत किती भरली, वगैरे. चार-पाच खाती करून पाहिली, झकास चाललं. मग जुन्या रजिस्टरातले सहाशेच्या वर सभासद एक्सेलमधून एका झटक्यात आत घेतले. महिन्याभरानं ग्रंथपाल काकांचा फोन आला. "अरे, जुन्या लोकांचे कार्ड नंबर तू कधी भरणार आहेस? रकाना रिकामाच दिसतोय. मी म्हटलं, करत असशील सावकाश."

त्या सहाशेंपैकी एकालाही प्रोफाइल नव्हतं. महिनाभर कुठेही एरर आली नव्हती.

त्या फोननंतर जे जे शिकलो ते इथे क्रमानं मांडतो. आपोआप प्रोफाइल करणारा कोड सहा-सात ओळींचा आहे आणि तो कुणीही दाखवेल. यूजर मात्र पाच-सहा वेगवेगळ्या दारांनी आत येतो, आणि प्रत्येक दारावर त्याला प्रोफाइल मिळतंय ना, हे बघण्यात खरा वेळ जातो.

एक खुलासा. हे सगळं मी आधी माझ्या भाच्याला फोनवर सांगितलं होतं, तसंच लिहितो आहे. म्हणून फंक्शनांची आणि सेटिंग्जची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. फाइलीत टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत.

हाताशी काय हवं

- पायथन आणि जँगो. मी ५.२ वर काम करतो, पण खालचं सगळं ४.२ वरही तसंच चालतं.
- स्वतंत्र अ‍ॅप. माझ्या अ‍ॅपचं नाव 'अकाउंट्स' आहे, पुढे तेच धरून चालू.
- फोटो ठेवणार असाल तर पिलो ही लायब्ररी. ती नसेल तर इमेजफील्ड लिहिताच जँगो तक्रार करतं.
- डेटाबेसची ताजी प्रत. पाचव्या पायरीआधी ती काढलीच पाहिजे.

१. आधी ठरवा: वेगळं प्रोफाइल खरंच हवं का?

जँगोच्या तयार यूजरमध्ये यूजरनेम, नाव, आडनाव, ईमेल, पासवर्ड, काही परवानग्या आणि खात्याच्या एक-दोन तारखा एवढंच असतं. बाकीचं ठेवायला दोन वाटा आहेत. एक, स्वतःचं यूजर मॉडेल (डेटाबेसच्या टेबलाचं पायथनमधलं वर्णन) लिहून ते ऑथ_यूजर_मॉडेल या सेटिंगमध्ये नोंदवायचं. दोन, तयार यूजर तसाच ठेवून शेजारी प्रोफाइलचं टेबल उभं करायचं आणि दोघांना वनटूवनफील्डनं, म्हणजे एकास एक, जोडायचं.

प्रकल्प अगदी कोरा असेल, पहिलं मायग्रेशनसुद्धा (डेटाबेसची टेबलं तयार करणारी किंवा बदलणारी पायरी) चाललं नसेल, तर स्वतःचं यूजर मॉडेल घ्या. आज त्यात एकही जादा रकाना नसला तरी चालेल. जँगोच्या दस्तऐवजानंही बरीच वर्षं हाच सल्ला दिला आहे, कारण प्रकल्प मध्यावर आल्यावर यूजर मॉडेल बदलणं म्हणजे घरात माणसं राहत असताना पाया खणणं. लॉगिनशी संबंध असलेली गोष्ट, उदाहरणार्थ मोबाइल नंबरानं लॉगिन, यूजरमध्येच जाऊ द्या. अनामत, पत्ता, आवडते लेखक ही प्रोफाइलची मंडळी.

तुमचा प्रकल्प माझ्यासारखा आधीच चालू असेल, तर प्रोफाइल हीच शहाणपणाची वाट.

शोधताना एक जुनी वाटही दिसेल: सेटिंगमध्ये ऑथ_प्रोफाइल_मॉड्यूल लिहा आणि गेट_प्रोफाइल हाक मारा. ती २०१३ च्या १.५ आवृत्तीत मोडीत निघाली आणि २०१४ च्या १.७ मध्ये काढूनही टाकली गेली. असं उत्तर दिसलं की ते पान बंद करा.

२. प्रोफाइलचं मॉडेल लिहा

मॉडेलमध्ये पहिला रकाना 'यूजर': वनटूवनफील्ड, सेटिंग्ज.ऑथ_यूजर_मॉडेलकडे बोट दाखवणारा, ऑन_डिलीट कॅस्केड, रिलेटेड_नेम 'प्रोफाइल'. ऑथमधला यूजर थेट इम्पोर्ट करून तिथे चिकटवू नका. उद्या यूजर मॉडेल बदललं तर सगळीकडे हात घालावा लागेल.

आता बाकीचे रकाने. इथे थोडं थांबा. प्रोफाइल आपोआप तयार होईल त्या क्षणी आपल्याकडे फक्त यूजर असतो, बाकी काहीच नाही. म्हणून प्रत्येक रकान्याला एक तर डिफॉल्ट किंमत हवी, नाहीतर तो रिकामा राहू शकला पाहिजे. जन्मतारखेला नल ('किंमतच नाही') चालू द्या, अनामतीला शून्य.

सर्वांत फसवा रकाना मोबाइलचा. एक नंबर दोघांना नको म्हणून आपण त्याला युनिक करतो, आणि सक्ती नको म्हणून ब्लँक. पहिला सभासद व्यवस्थित नोंदला जातो. दुसरा आला की युनिक कन्स्ट्रेंटची एरर! कारण पहिल्याचा मोबाइल 'रिकामी अक्षरमाला' म्हणून साठवला गेलेला असतो आणि दुसऱ्याचाही तसाच, म्हणजे डेटाबेसच्या लेखी दोघांचा नंबर एकच. मोबाइलला नल=ट्रू द्या. नल कितीही असले तरी युनिक अडवत नाही. एकाच खात्यावर चाचणी करून समाधान मानणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

मराठी नावं ठेवणार असाल तर मॅक्स_लेंग्थ सढळ ठेवा. 'ज्ञानेश्वर' आपल्याला चार अक्षरांचं दिसतं, पण संगणक मात्रा आणि पायमोडके सुटे मोजतो, त्याचा हिशेब दहा भरतो. नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि आडनाव एकाच रकान्यात घ्यायचं असेल तर पन्नासची मर्यादा कुणाचं तरी आडनाव कापणार. शिवाय डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर त्याचं कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ आहे ना ते पाहा. जुन्या तीन बाइटवाल्या यूटीएफ८ मध्ये देवनागरी बसते, पण कुणी नावापुढे फुलाचा इमोजी लावला की गाडी अडते.

मग मेकमायग्रेशन्स, मायग्रेट, आणि पुढे.

३. सिग्नलचं फंक्शन लिहा

जँगोत कुठलीही नोंद सेव्ह झाली की पोस्ट_सेव्ह नावाची हाक, म्हणजे सिग्नल, दिली जाते. ती ऐकणारं फंक्शन म्हणजे रिसीव्हर. अकाउंट्स अ‍ॅपमध्ये सिग्नल्स नावाची नवी फाइल करा आणि त्यात असं लिहा, फोनवर सांगतो तसं:

- वर रिसीव्हर हा डेकोरेटर. कंसात पोस्ट_सेव्ह आणि सेंडर म्हणून सेटिंग्ज.ऑथ_यूजर_मॉडेल.
- फंक्शनला मिळणाऱ्या गोष्टी: सेंडर, इन्स्टन्स, क्रिएटेड, रॉ आणि शेवटी दोन तारे लावून क्वार्ग्ज.
- पहिली ओळ: रॉ खरं असेल तर परत फिरा. (का, ते सहाव्या पायरीत.)
- दुसरी ओळ: क्रिएटेड खरं असेल तर प्रोफाइल.ऑब्जेक्ट्स.गेट_ऑर_क्रिएट (असेल तर ते घ्या, नसेल तर करा), कंसात यूजर=इन्स्टन्स, म्हणजे नुकताच सेव्ह झालेला यूजर.

संपलं. सेंडर विसरलात तर पुस्तक सेव्ह झालं तरी फंक्शन धावेल आणि पुस्तकाला यूजर समजून प्रोफाइल करायला जाईल. क्रिएटेड तपासायला विसरलात तर ते यूजरच्या प्रत्येक सेव्हला धावेल. तिथे क्रिएट ऐवजी गेट_ऑर_क्रिएट वापरलं असेल तर निदान दुसरं प्रोफाइल करायच्या नादात एरर तरी येणार नाही.

आता एक सापळा, जो मी कितीतरी ट्यूटोरियलांमध्ये पाहिला आहे. तिथे दोन फंक्शनं असतात. पहिलं आपण लिहिलं तेच. दुसरं क्रिएटेड न बघता दर वेळी इन्स्टन्स.प्रोफाइल.सेव्ह करतं. दिसायला निरुपद्रवी. पण जँगो दर लॉगिनला यूजरचा लास्ट_लॉगिन रकाना सेव्ह करतं, म्हणजे दर लॉगिनला पोस्ट_सेव्हची हाक जाते. ज्या यूजरला प्रोफाइल नाही तो लॉगिन करायला गेला की हे दुसरं फंक्शन इन्स्टन्स.प्रोफाइल शोधतं, ते सापडत नाही, आणि 'यूजर हॅज नो प्रोफाइल' म्हणून पान कोसळतं. बहुतेक वेळा हा यूजर कोण असतो? तुम्ही स्वतः, कारण सुपरयूजर (सगळे अधिकार असलेलं खातं) आपण पहिल्या दिवशी तयार केलेला असतो, सिग्नल लिहिण्याच्या कितीतरी आधी. अ‍ॅडमिनचा, म्हणजे जँगोच्या व्यवस्थापनाच्या पानांचा, दरवाजा तुमच्याच तोंडावर बंद. ते दुसरं फंक्शन लिहूच नका. प्रोफाइलमध्ये बदल करणाऱ्या फॉर्मनं प्रोफाइल सेव्ह करावं.

कार्ड क्रमांकाबद्दलही जाता जाता: 'एकूण प्रोफाइल किती, अधिक एक' असा क्रमांक काढू नका. दोघांनी एकाच क्षणी नोंदणी केली तर दोघांना एकच कार्ड. प्रोफाइलच्या स्वतःच्या आयडीवरून क्रमांक बनवा.

४. ते फंक्शन जँगोच्या कानावर घाला

फाइल लिहिली पण कुणी इम्पोर्टच केली नाही, तर फंक्शन अस्तित्वातच नाही. नवख्यांची सर्वांत जास्त संध्याकाळ इथे वाया जाते. एरर नाही, प्रोफाइलही नाही.

अकाउंट्समधल्या अ‍ॅप्स या फाइलीत अकाउंट्सकॉन्फिग नावाचा क्लास आहे. त्यात रेडी नावाची मेथड लिहा आणि तिच्या आत सिग्नल्सची फाइल इम्पोर्ट करा. इम्पोर्ट मेथडच्या आतच हवं. फाइलीच्या माथ्यावर केलंत तर मॉडेलं तयार व्हायच्या आधीच ती मागितली जातात आणि 'अ‍ॅप्स आरन्ट लोडेड येट' ऐकावं लागतं.

३.२ आवृत्तीपासून जँगो हा कॉन्फिग क्लास आपणहून शोधतं, त्यामुळे डिफॉल्ट_अ‍ॅप_कॉन्फिगची जुनी ओळ लिहायची गरज उरलेली नाही.

रेडीमधलं इम्पोर्ट बघणाऱ्याला बिनकामाचं वाटतं, कारण खाली त्याचा वापर कुठेच नसतो. कोड साफ करणारी साधनंही तसंच समजतात आणि ती ओळ गुपचूप उडवतात. ओळीच्या शेवटी 'नोक्यूए'ची (या ओळीला हात लावू नका, असं त्या साधनांना सांगणारी) टिप्पणी टाका आणि शेजारी मराठीत लिहा: ही ओळ काढू नये.

५. जुन्या यूजरना प्रोफाइल द्या

सिग्नल फक्त उद्याच्या यूजरचं पाहतो. कालचे तसेच राहतात. त्यांच्यासाठी डेटा मायग्रेशन करा: मेकमायग्रेशन्सला एम्प्टी हा पर्याय देऊन रिकामी फाइल काढा आणि तिच्यात रनपायथन (मायग्रेशनमधून पायथनचं फंक्शन चालवणारी सोय) लिहा. फंक्शनच्या आत प्रोफाइल__इजनल=ट्रू या गाळणीनं प्रोफाइल नसलेले यूजर निवडा आणि त्यांची प्रोफाइलं बल्क_क्रिएटनं एकदम तयार करा.

तीन गोष्टी सांभाळा. मॉडेल थेट इम्पोर्ट करू नका, अ‍ॅप्स.गेट_मॉडेलनं मागा, कारण मायग्रेशनला त्या वेळचं मॉडेल हवं असतं, आजचं नाही. स्वतःचं यूजर मॉडेल असेल तर डिपेंडन्सीमध्ये स्वॅपेबल_डिपेंडन्सी लिहा. आणि रनपायथनला उलट दिशेचं फंक्शन म्हणून रनपायथन.नूप द्या, नाहीतर कधी मागं यावं लागलं तर मायग्रेशन अडून बसेल.

मायग्रेशनमधल्या या ऐतिहासिक मॉडेलांवर तुमचा सिग्नल धावत नाही. तिथे यूजर तयार करत असाल तर प्रोफाइलही हातानंच करा.

६. बाकीची दारं तपासा

नोंदणीचा फॉर्म, क्रिएट_यूजर, क्रिएटसुपरयूजर कमांड, अ‍ॅडमिन: ही सगळी शेवटी सेव्ह हाक मारतात, म्हणून सिग्नल धावतो. गूगलनं लॉगिन देणारी ऑलऑथसारखी लायब्ररीही याच वाटेनं जाते. पुढची दारं मात्र उघडी राहतात.

बल्क_क्रिएट. माझे सहाशे सभासद इथूनच आले. एकाच क्वेरीत शेकडो ओळी घालायच्या असल्यामुळे बल्क_क्रिएट सेव्ह हाक मारत नाही आणि पोस्ट_सेव्हही देत नाही. यूजर आत घेतल्यावर त्यांची प्रोफाइलं त्याच फंक्शनमध्ये, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल नाहीतर काहीच नाही, असा व्यवहार) बल्क_क्रिएट करा. मायएसक्यूएलवर बल्क_क्रिएटनंतर आयडी परत मिळत नाहीत, तिथे यूजरनेमवरून ते पुन्हा वाचून घ्या.

आयात करताना पासवर्डचं काय, हा प्रश्न येतोच. मी सगळ्यांना 'न वापरता येणारा' पासवर्ड दिला आणि म्हटलं, लोक 'पासवर्ड विसरलो' दाबून नवा घेतील. एकालाही मेल गेली नाही. जँगोचा पासवर्ड रीसेटचा फॉर्म असे यूजर गाळून टाकतो, आणि पडद्यावर मात्र नेहमीसारखं 'मेल पाठवली आहे' दिसतं. आयात केलेल्यांना स्वतः रीसेट करू द्यायचं असेल तर कुणालाही न सांगता लांबलचक यादृच्छिक पासवर्ड द्या.

लोडडेटा. ही कमांड फिक्श्चरमधून, म्हणजे फाइलीत साठवलेल्या नोंदींमधून, डेटा आत घेते. फिक्श्चरमध्ये यूजर आणि प्रोफाइल दोन्ही असतील, तर यूजर आत येताच सिग्नल नवं प्रोफाइल करतो, आणि मागून फिक्श्चरमधलं खरं प्रोफाइल येऊन त्यावर आदळतं. लोडडेटा चालू असताना सिग्नलला रॉ खरं मिळतं, म्हणून तिसऱ्या पायरीत ती पहिली ओळ होती.

अ‍ॅडमिनमधलं इनलाइन. यूजरच्या पानावरच प्रोफाइल दिसावं म्हणून स्टॅक्डइनलाइन (एका नोंदीच्या पानात दुसरीचा फॉर्म बसवणारी सोय) लावतात, चांगली सोय आहे. पण 'नवा यूजर' पानावर कुणी तिथेच मोबाइल भरला, तर एक प्रोफाइल सिग्नल करतो आणि दुसरं इनलाइन करायला जातं. गेट_इनलाइन_इन्स्टन्सेस ही मेथड आपल्या अ‍ॅडमिन क्लासमध्ये लिहून, यूजर अजून तयार नसेल तर रिकामी यादी परत द्या. म्हणजे आधी यूजर, मग पुढच्या पानावर प्रोफाइल.

७. अर्धवट नोंद होऊ देऊ नका

सिग्नल पार्श्वभूमीत चालतो असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. तो सेव्हच्या आतच, त्याच विनंतीत धावतो. त्यात स्वागताची मेल पाठवलीत आणि मेल सर्व्हर रेंगाळला, तर सभासद तितका वेळ फिरणारं चक्र बघत बसतो. आणि रिसीव्हरमध्ये एरर आली की ती सरळ सेव्हपर्यंत वर येते.

त्या वेळी काय होतं ते नीट बघा. जँगोत मुळात प्रत्येक क्वेरी लगेच पक्की होते. म्हणजे यूजरची ओळ आधीच लिहिली गेली, मग प्रोफाइल करताना घोटाळा झाला. सभासदाला एररचं पान दिसतं. तो बिचारा मागं जाऊन तोच फॉर्म पुन्हा भरतो, आणि आता उत्तर मिळतं: हे यूजरनेम आधीच घेतलेलं आहे. कुणी घेतलं? त्यानंच, अर्ध्या मिनिटापूर्वी.

म्हणून नोंदणीच्या व्ह्यूमध्ये (पानाची विनंती हाताळणारा कोड) फॉर्म सेव्ह करणारा भाग ट्रान्झॅक्शन.अ‍ॅटॉमिकमध्ये गुंडाळा. लहान अ‍ॅप असेल तर डेटाबेसच्या सेटिंगमध्ये अ‍ॅटॉमिक_रिक्वेस्ट्स चालू केलं तरी भागतं. मेल पाठवणं ट्रान्झॅक्शन.ऑन_कमिटवर सोडा, म्हणजे खातं पक्कं झाल्याशिवाय 'आपलं स्वागत आहे' जाणार नाही.

इतकं सांगितल्यावर माझं स्पष्ट मत: तुमच्या अ‍ॅपमध्ये यूजर फक्त एकाच ठिकाणी तयार होत असतील, तर सिग्नल वापरूच नका. एक साधं फंक्शन लिहा, जे यूजर आणि प्रोफाइल दोन्ही करतं, आणि तेच हाक मारा. सहा महिन्यांनी कोड वाचणाऱ्याला प्रोफाइल कुठून आलं ते शोधत हिंडावं लागणार नाही. सिग्नल घ्यावा तो दारं अनेक असतील आणि त्यातली काही दुसऱ्याच्या लायब्ररीत असतील तेव्हा.

८. चाचणी, आणि गप्प बसणारा टेम्प्लेट

काकांना महिनाभर एरर का दिसली नाही? पायथनच्या कोडमध्ये प्रोफाइल नसलेल्या यूजरचं प्रोफाइल मागितलं की तक्रार होते. टेम्प्लेटमध्ये तीच तक्रार जँगो गिळून टाकतं आणि त्या जागी काहीच छापत नाही. सभासदांची यादी टेम्प्लेटमध्ये होती, म्हणून नुसता कोरा रकाना. तेव्हा 'पान उघडतंय' ही चाचणी समजू नका.

निदान एवढ्या चाचण्या लिहा: यूजर केला की प्रोफाइल आहे, तोच यूजर पुन्हा सेव्ह केला तरी प्रोफाइल एकच आहे, लागोपाठ दोन यूजर केले तरी एरर नाही (मोबाइलचा सापळा आठवा), सुपरयूजरलाही प्रोफाइल आहे, आणि आयातीच्या फंक्शननं आत आलेल्यांनाही. यादीच्या पानावर सिलेक्ट_रिलेटेड लावून प्रोफाइल सोबतच आणा, नाहीतर सहाशे सभासदांसाठी सहाशे जादा क्वेरी जातील.

आणि खऱ्या सर्व्हरवर शेल उघडून प्रोफाइल__इजनल=ट्रू असलेले यूजर मोजा. उत्तर शून्य आलं पाहिजे. काकांच्या सर्व्हरवर मी याची छोटी मॅनेजमेंट कमांड करून क्रॉनला (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या साधनाला) लावली आहे. रोज सकाळी सातला ती चालते आणि आकडा शून्य नसेल तर मला मेल येते. आतापर्यंत दोनदा आली. दोन्ही वेळा शेलमध्ये बसून घाईघाईनं बल्क_क्रिएट मीच केलं होतं.